लस घेतली, सर्टिफिकेट आलं, तरी अँटीबॉडी शून्य? ट्रान्सप्लांट झालेल्या शरीरात लशीचं नेमकं काय होतं

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. शुक्रवारी रात्री मी पुण्याहून साताऱ्याला घरी गेलो. घसा खवखवत होता, अंग जड होतं. ऑफिसात निम्म्या टीमला तसंच होतं, त्यामुळे मी फार मनावर घेतलं नाही. देशात एच३एन२ फ्लू वाढलाय, हे मला नंतर बातम्यांतून कळलं. जेवायला मी ताईच्या शेजारीच बसलो. मंगळवारी तिला ताप चढला, गुरुवारी ॲडमिट करावं लागलं आणि ती घरी आली नऊ दिवसांनी.

ताईचं किडनी ट्रान्सप्लांट २०१८ मध्ये झालंय. किडनी आईची आहे. त्या नऊ दिवसांत तिचं क्रिएटिनिन १.२ वरून १.९ वर गेलं. किडनी रक्त किती नीट गाळतेय याचा अंदाज या आकड्यावरून येतो आणि तो वाढणं वाईट. आमच्या घरात हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा सगळ्यांना पाठ असतो. नशीब, तो नंतर खाली आला.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, "अगं पण फ्लूची लस घेतली होतीस ना?" ताईने घेतली होती. ती दर वर्षी घेते. घेतली नव्हती ती मी.

मित्रांनो, "लस घेतली होती ना, मग कसं काय?" या प्रश्नाचं उत्तर मी बरेच महिने वाचून काढलं, ते आज तुमच्यासमोर मांडतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तुमच्या घरात ट्रान्सप्लांट झालेलं कुणी असेल तर हे वाचून एकही गोळी कमी-जास्त करू नका. ते का, हेही पुढे येईलच.

सर्टिफिकेट म्हणजे डबल टिक, निळी टिक नाही

व्हॉट्सॲपवर दोन करड्या टिका आल्या म्हणजे मेसेज समोरच्याच्या फोनवर पोचला. त्याने तो वाचला का, हे निळ्या झाल्यावर कळतं. लशीचं सर्टिफिकेट म्हणजे दोन करड्या टिका. कुठली लस, कुठला बॅच, कोणत्या तारखेला दंडात गेली, एवढंच त्यावर असतं. शरीराने ती 'वाचली' का, हे त्यावर नसतं आणि असूही शकत नाही. तुमच्या-माझ्या बाबतीत याने फारसा फरक पडत नाही, कारण धडधाकट माणसात पोचलेला मेसेज बहुतेक वेळा वाचला जातोच. ताईच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न इथेच आहे.

आम्हाला हे कळलं कोविडच्या वेळी. १ मार्च २०२१ ला भारतात ६० वर्षांवरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या ठरावीक आजार असलेल्यांना लस सुरू झाली. आजारांच्या त्या यादीत किडनी ट्रान्सप्लांट होतं, पण ताई तेव्हा ३३ वर्षांची. १८ ते ४४ साठी दार उघडलं १ मे ला. कोविनच्या खुल्या एपीआयवर दर मिनिटाला स्लॉट तपासणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती (तेव्हा प्रत्येक दुसरा डेव्हलपर तेच करत होता!). मेच्या मध्यावर तिला पहिला डोस मिळाला, ऑगस्टमध्ये दुसरा. कोविशील्ड. बाबांचेही दोन डोस तोवर झाले होते. दोघांची सर्टिफिकेटं मी अभिमानाने फॅमिली ग्रुपवर टाकली.

तीन आठवड्यांनी दोघांची अँटीबॉडी टेस्ट केली. बाबांचा आकडा हजाराच्या वर. ताईचा '०.४ पेक्षा कमी', म्हणजे मशीनला दिसतील एवढ्यासुद्धा अँटीबॉडी नाहीत. माझी पहिली प्रतिक्रिया इंजिनिअरची होती: लॅबमध्ये सॅम्पलची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केली. तोच रिझल्ट.

नेहमीच्या डॉक्टरांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले, "अहो, तिला आपण रोज जी औषधं देतो, त्यांचं कामच हे आहे."

औषधांचं काम नेमकं काय?

लस ही स्वतः विषाणूशी लढत नाही. ती फक्त ओळखपत्र दाखवते: हा चेहरा लक्षात ठेव. पुढचं सगळं शरीराने करायचं. लस टोचली की तिथल्या पहारेकरी पेशी तो तुकडा उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे दंडावर टोचलं तर काखेतल्या गाठीत, नेतात. तिथे त्या तुकड्याशी जुळणाऱ्या टी पेशी जाग्या होतात. त्या बी पेशींना हिरवा कंदील देतात. मग त्या बी पेशी वेगाने वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि त्यांच्यातल्या सर्वांत नेमक्या पेशी निवडल्या जाऊन अँटीबॉडी तयार करू लागतात. काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात.

आता ट्रान्सप्लांटकडे बघा. आईची किडनी ताईच्या शरीरासाठी परकीच आहे. प्रतिकारशक्ती पूर्ण जोरात चालली तर ती किडनीवर तुटून पडेल. यालाच रिजेक्शन म्हणतात. म्हणून ही यंत्रणा मुद्दाम, रोज, आयुष्यभर मंद ठेवावी लागते. फोन बॅटरी सेव्हरवर टाकला की फोन चालतो, कॉल येतात, पण बॅकग्राउंडमधली बरीच कामं होत नाहीत; साधारण तसं.

किडनीच्या बहुतेक पेशंटना तीन औषधं एकत्र असतात आणि तिन्ही या साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात. टॅक्रोलिमस टी पेशींना जागं करणारा आतला सिग्नल, कॅल्सिन्यूरिन नावाच्या एन्झाइममधून जाणारा, अडवतो. मायकोफेनोलेट पेशींना नवा डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल तोडतं. इतर पेशी तो माल दुसऱ्या वाटेने मिळवू शकतात, पण टी आणि बी पेशींचं या एकाच वाटेवर फार अडतं, त्यामुळे नेमक्या त्याच वाढत नाहीत. तिसरं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, एकंदर सगळंच थंड करतं. लशीचा अख्खा खेळच 'एकीच्या दोन, दोनाच्या चार' या पायरीवर असल्यामुळे तिला सर्वांत जास्त अडवतं ते मायकोफेनोलेट. काहींना रिटुक्सिमॅब दिलेलं असतं. ते बी पेशीच काढून टाकतं आणि त्याचा परिणाम अनेक महिने टिकतो. त्या काळात लस देणं म्हणजे सिम नसलेल्या फोनला एसएमएस पाठवणं.

आकडे काय सांगतात

फायझरच्या कोविड लशीची '९५ टक्के परिणामकारकता' तुम्ही ऐकली असेल. २०२० च्या त्या ट्रायलमध्ये ४० हजारांहून जास्त लोक होते, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे ॲपचं टेस्टिंग फक्त चांगल्या फोनवर झालं आणि रिव्ह्यू सगळ्यांनी वाचला. ताईसारख्यांसाठी तो आकडा कधी नव्हताच.

मग त्यांचा आकडा शोधला कुणी? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने, आणि त्यांची पद्धत या साइटच्या वाचकांना आवडेल. त्यांनी ट्रान्सप्लांट झालेल्या लोकांना सोशल मीडियावरून बोलावलं, आणि रक्ताच्या नमुन्यासाठी काहींना दंडावर चिकटवून वापरायचं छोटं उपकरण दिलं. लॉकडाऊनमध्ये, ज्यांनी घराबाहेर पडणंच धोक्याचं अशा लोकांवरचा अभ्यास बऱ्याच अंशी दुरूनच झाला. मार्च २०२१ मध्ये पहिला निकाल आला. फायझर किंवा मॉडर्नाच्या एका डोसनंतर ४३६ पैकी फक्त १७ टक्के लोकांत अँटीबॉडी दिसल्या. मे महिन्यात दुसरा: दोन डोसनंतर ६५८ पैकी ५४ टक्क्यांत. उरलेल्या ४६ टक्क्यांत दोन डोस घेऊनही काहीच नाही. निरोगी लोकांत याच लशींनी जवळपास प्रत्येकात अँटीबॉडी येत होत्या.

त्याच अभ्यासात औषधाचा फरकही दिसला. मायकोफेनोलेट किंवा त्या प्रकारचं औषध घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांत दोन डोसनंतर अँटीबॉडी नव्हत्या. ते न घेणाऱ्यांत हेच प्रमाण १८ टक्के होतं. हे वाचलं तेव्हा ताईच्या गोळ्यांच्या डब्याकडे मी पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहिलं.

पण इथे थांबून "म्हणजे लस घेऊन उपयोगच नाही" असं ठरवू नका. माझ्या एका काकांनी तेच ठरवलं होतं. अँटीबॉडी दिसणं आणि माणूस हॉस्पिटलमध्ये जाण्यापासून वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने नऊ राज्यांतल्या हॉस्पिटलांचा डेटा छापला. फायझर-मॉडर्नाचे दोन डोस घेतलेल्या सर्वसाधारण प्रतिकारशक्तीच्या लोकांत कोविडने ॲडमिट होण्यापासून ९० टक्के संरक्षण मिळत होतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या सगळ्यांना एकत्र धरलं तर ७७ टक्के, आणि त्यात ट्रान्सप्लांट झालेल्यांत सर्वांत कमी, ५९ टक्के. ५९ म्हणजे ९० नाही, पण शून्यही नाही. साथीच्या सुरुवातीला, लस नसताना, कोविडने ॲडमिट झालेल्या ट्रान्सप्लांट पेशंटपैकी सुमारे पाचातला एक २८ दिवसांच्या आत दगावत होता. त्या हिशेबात ५९ टक्के ही फार मोठी गोष्ट आहे.

मेसेज पुन्हा पाठवला तर?

पाठवतात, आणि त्याचा उपयोग होतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी १०१ ट्रान्सप्लांट पेशंटना फायझरचे तीन डोस दिले. दुसऱ्या डोसच्या आधी ४ टक्के लोकांत अँटीबॉडी होत्या, तिसऱ्याच्या आधी ४० टक्क्यांत, तिसऱ्यानंतर चार आठवड्यांनी ६८ टक्क्यांत. टोरांटोमध्ये १२० जणांवर चिठ्ठ्या टाकून ट्रायल झाली. निम्म्यांना मॉडर्नाचा खरा तिसरा डोस, निम्म्यांना नुसतं सलाइनचं इंजेक्शन. ठरवलेली पातळी गाठणारे खऱ्या डोसमध्ये ५५ टक्के, खोट्यात १८. १२ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेने अशा लोकांसाठी तिसऱ्या डोसला परवानगी दिली. भारतात १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खासगी केंद्रांवर प्रिकॉशन डोस सुरू झाला १० एप्रिल २०२२ ला, दुसऱ्यानंतर नऊ महिने झाले असतील तर. ताईचे नऊ महिने मेमध्ये भरले. डोस घेतला, महिन्याने टेस्ट केली: ४६. बाबांच्या हजाराशी तुलना केली तर किरकोळ, पण आम्ही त्या रात्री आइस्क्रीम आणलं.

फ्लूमध्येही हीच दिशा आहे. स्वित्झर्लंड आणि स्पेनमधल्या ६१९ ट्रान्सप्लांट पेशंटवरच्या ट्रायलचा निकाल २०२३ मध्ये आला. साध्या फ्लू लशीला ४२ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, प्रतिसाद वाढवणारा घटक घातलेल्या लशीला ६० टक्क्यांनी, जास्त मात्रेच्या लशीला ६६ टक्क्यांनी. साधी लस म्हणजे ताई दर वर्षी घेते ती. आता त्या हॉस्पिटलच्या नऊ दिवसांचा हिशेब लागतो. लस 'फेल' झाली नव्हती. तिला जमतं ते प्रमाणच निम्म्याच्या आसपास आहे.

मग साहजिकच डोक्यात येतं की लशीच्या वेळी आठवडाभर मायकोफेनोलेट बंद ठेवलं तर? हा प्रश्न नेदरलँड्समध्ये रीतसर तपासला गेला. लशीच्या आधी एक आणि नंतर एक आठवडा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध थांबवून पाहिलं. अँटीबॉडीत काही फायदा दिसला नाही. आणि घरच्या घरी कुणी असं केलं तर रिजेक्शनचा धोका आहे, म्हणजे लशीच्या नादात किडनीच जाऊ शकते. म्हणून सुरुवातीला म्हटलं, गोळीला हात लावू नका.

खरी योग्य वेळ ट्रान्सप्लांटच्या आधीची

शरीर अजून 'बॅटरी सेव्हर'वर गेलेलं नसतं तेव्हाच जेवढ्या लसी होतील तेवढ्या उरकून घ्यायच्या. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला अशा जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूच्या लसी तर नंतर सहसा देतच नाहीत, कारण दबलेल्या शरीरात तो कमजोर विषाणूसुद्धा डोकं वर काढू शकतो. त्या किमान चार आठवडे आधी द्याव्या लागतात. नाकात फवारायची फ्लूची लसही जिवंत असते, ती नको, इंजेक्शनवाली चालते. कोविशील्ड, कोव्हॅक्सिन यांत वाढू शकणारा विषाणू नसल्यामुळे त्या चालल्या. नागिणीची जुनी जिवंत लस चालत नव्हती, पण २०२३ पासून भारतात मिळणारी नवी लस जिवंत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही.

अर्थात किडनीच बिघडलेली असताना प्रतिसाद आधीच मंद असतो. डायलिसिसवर असताना ताईला हेपॅटायटिस बीची लस ४० मायक्रोग्रॅमची दिली, म्हणजे मोठ्या माणसाच्या नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट, आणि चार वेळा: आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तरी टायटर आला ६. इथे १० किंवा जास्त हवा असतो. पुन्हा पूर्ण कोर्स केला तेव्हा ८४ आला.

रिपोर्ट वाचताना

हेपॅटायटिस बीमध्ये '१०' हा जगभर मान्य आकडा आहे. कोविडच्या अँटीबॉडीला असा 'इतके झाले की सुरक्षित' आकडा ठरलेला नाही. म्हणून ४६ म्हणजे पास की नापास, हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय या टेस्टमध्ये टी पेशींची आठवण दिसत नाही. अँटीबॉडी नसूनही ती थोडीफार असू शकते. याच कारणांमुळे अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लशीचं संरक्षण ठरवायला ही टेस्ट वापरू नका. आम्ही तरी केली, कारण राहवलं नाही.

एक साधी चूक मात्र टाळा. काही टेस्ट विषाणूच्या काट्यावरच्या, म्हणजे स्पाइक प्रोटीनच्या अँटीबॉडी मोजतात, काही आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या. कोविशील्ड फक्त स्पाइक दाखवते. ती घेऊन तुम्ही दुसरी टेस्ट केली आणि कोविड कधी झालेला नसेल, तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार, लस कितीही लागू झालेली असो. रिपोर्टवर 'एस' आहे की 'एन', ते आधी बघा.

घरातले बाकीचे

ताईच्या शरीरात लस अर्धवट चालते, माझ्या शरीरात बरीच चांगली चालते. त्यामुळे तिच्या संरक्षणातला जो भाग तिच्या दंडातून मिळत नाही, तो माझ्या दंडातून मिळवायचा. मी घेतलेली फ्लूची लस तिला शंभर टक्के वाचवेल असं नाही, पण मी जेवायच्या टेबलावर विषाणू घेऊन बसण्याची शक्यता कमी होते. ही गोष्ट २६ वर्षांच्या मला कुणी सांगितली नव्हती असं नाही. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं: घरातल्या सर्वांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यावी. आई-बाबा घ्यायचे. मी पुण्यात राहतो म्हणून स्वतःला 'घरातला' धरलं नव्हतं.

आपल्याकडे फ्लू दोनदा वर येतो, पावसाळ्यात आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. लशीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात आणि लशीतले विषाणू वेळोवेळी बदलले जातात, म्हणून दर वर्षी नवीन. पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. आणि सर्दी-ताप असेल तर घरी जाऊ नका, गेलात तर मास्क लावा आणि वेगळ्या खोलीत जेवा. ताई तरी म्हणते, "ये रे, काही होत नाही." तिचं ऐकायचं नाही.

घरात लहान बाळ असेल तर एक गोष्ट माहीत हवी. पोलिओचे तोंडातून देतात ते थेंब जिवंत लशीचे असतात आणि तो विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. बाळाला थेंबांऐवजी इंजेक्शनची पोलिओ लस देता येईल का, हे बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून विचारा. थेंब दिलेच तर लंगोट-डायपर बदलण्याचं काम ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाने करू नये. बाळाच्या गोवर, कांजिण्यांच्या लसी मात्र टाळायच्या नाहीत, बाळाला गोवर होणं हे घरासाठी जास्त धोक्याचं.

फोनमध्ये एक नोट

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. शेअर करता येणारी साधी नोट बनवा आणि घरातल्या सगळ्यांना द्या. आमच्या नोटमध्ये प्रत्येक लशीपुढे तारीख, लशीचं नाव, बॅच नंबरच्या स्टिकरचा फोटो, त्या दिवशी टॅक्रोलिमस-मायकोफेनोलेटची मात्रा किती होती ते, आणि टायटर केला असेल तर आकडा आणि लॅब. औषधाची मात्रा लिहायची सूचना ताईच्या डॉक्टरांची. पुढच्या वर्षी प्रतिसाद वेगळा आला तर कारण शोधायला तीच उपयोगी पडते. पुढची तारीख कॅलेंडरला लावा, एक महिना आधीच्या रिमाइंडरसह, कारण काही लसी मेडिकलमध्ये मागवाव्या लागतात. टॅक्रोलिमसचा रोजचा सकाळी आठ आणि रात्री आठचा अलार्म वेगळा आहेच, तो सायलेंट मोडमध्येही वाजेल असा ठेवा.

नोटमध्ये आता चौघांची नावं आहेत. फ्लूची तारीख चौघांची एकच, जूनचा पहिला रविवार. त्या दिवशी मी पुण्यातून जातो आणि आम्ही एकाच वेळी जाऊन टोचून येतो.